प्रवेशयादीवर भांडण, निकालावर मौन

अभियांत्रिकीच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की ओळखीपाळखीच्या घरांत दरवर्षी एकच वाद पेटतो. कोणाच्या तरी मुलीला ९६ पर्सेंटाइल असूनही संगणक शाखा मिळालेली नसते आणि त्याच महाविद्यालयात, त्याच शाखेला ७० पर्सेंटाइलचा मुलगा राखीव जागेवर लागलेला असतो. एक बाजू विचारते, गुणवत्तेला काही किंमत उरली आहे की नाही? दुसरी बाजू विचारते, व्यवस्थापन कोट्यातून पैसे मोजून घेतलेल्या जागेबद्दल तुम्ही कधी इतक्या तावातावाने बोललात का? १९९० मध्ये मंडल आयोगावरून देश पेटला तेव्हा मी स्वतः अभियांत्रिकीच्या वर्गात बसत होतो. तेव्हाही हेच प्रश्न जवळपास याच शब्दांत विचारले जात होते. याद्या बंद झाल्या की वाद विझतो. ज्यांच्या नावावरून तो पेटला ती मुले वर्गात येऊन बसतात. त्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र दोन्हींपैकी एकही बाजू परत येत नाही.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राखीव जागा असाव्यात याबद्दल मला शंका नाही. पण जागा देणे हे कामाचे पहिले पाऊल आहे आणि आपण त्यालाच सगळे काम समजून बसलो आहोत. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातली मुले, घरातली पहिलीच शिकणारी पिढी, खेड्यातून आलेल्या मुली हे विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गात आले, तर ते तिथे टिकावेत आणि उत्तम शिकून बाहेर पडावेत ही जबाबदारी त्या महाविद्यालयाची आहे. तो उपकार नाही, सवलतही नाही. ज्याला प्रवेश दिला त्याला शिकवणे हे महाविद्यालयाचे मूळ काम आहे, आणि ते झाले की नाही हे दरवर्षी मोजले गेले पाहिजे.

मी पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवतो. दोन-तीन वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा, दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेला, अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून कसेबसे पार केलेला. त्याच्या वहीच्या समासात बारीक अक्षरात दोन रकाने असायचे: मोमेंटम – संवेग, इनर्शिया – जडत्व, इक्विलिब्रियम – समतोल. पहिल्या चाचणीत भिंतीला टेकलेल्या शिडीचे नेहमीचे गणित होते. त्याने शिडीवरची सगळी बले अचूक दाखवली होती आणि पुढे पान कोरे सोडले होते. मी त्याला बोलावून विचारले, इथे का थांबलास? त्याने प्रश्नातल्या एका शब्दावर बोट ठेवले. शिडी ‘ऑन द व्हर्ज ऑफ स्लिपिंग’ आहे, असे प्रश्नात होते. घर्षण त्याला येत होते, सीमांत घर्षण येत होते, ‘व्हर्ज’ येत नव्हता. मी म्हटले, घसरण्याच्या बेतात. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे आता घसरणार, पण अजून घसरली नाही.” माझ्यासमोर उभ्या उभ्या पाच मिनिटांत त्याने ते गणित सोडवले. त्या चाचणीत त्याला २० पैकी ६ गुण होते. ते ६ गुण नेमके कशाचे माप होते?

२०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत एक माहिती दिली. आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास वर्गांतल्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडले. त्यांतले ३,५४२ आयआयटींमधले होते. या आकड्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. यातल्या काहींनी दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल, काहींना नोकरी लागली असेल. खुल्या वर्गातली मुलेही शिक्षण सोडतात, आणि दोघांचे प्रमाण शेजारी ठेवल्याशिवाय तुलना करता येत नाही. हे सगळे मान्य. तरीही देशातल्या सर्वांत अवघड परीक्षा पार करून आलेल्या साडेतीन हजार मुलांचे काय झाले, यावर आपल्या वाहिन्यांवर किती संध्याकाळी चर्चा झाली? २०१५ मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाला कमी गुण मिळाले म्हणून सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना एका फटक्यात काढून टाकले होते. त्यांत बहुसंख्य राखीव जागांवरचे होते. ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी संस्थेने त्यांना आणखी एक संधी दिली. एकाच वर्गातले, एकाच प्रकारच्या घरांतून आलेले इतके विद्यार्थी एकाच वेळी नापास होतात, तेव्हा विद्यार्थी नापास झाले म्हणायचे की शिकवणे नापास झाले?

या मौनाला दोन्ही बाजू जबाबदार आहेत. आरक्षणाच्या विरोधकांना गळतीचा आकडा हवा असतो तो ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ असे म्हणण्यापुरता. समर्थकांना तो आकडा नको असतो, कारण तो उच्चारला की समोरच्याच्या हाती कोलीत मिळेल अशी भीती असते. ही भीती मला समजते, कारण तिच्यापायी मीही कित्येक वर्षे विभागाच्या बैठकांत गप्प बसलो. केटी (राहिलेले विषय) कोणाला लागतात, इयर डाऊन कोणाचे होते, म्हणजे कोणाचे वर्ष वाया जाते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते. बोललो तर आपण कोणाच्या बाजूने मोजले जाऊ, या विचारानेच तोंड बंद व्हायचे. या गप्प बसण्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी चुकवली. ती मुले गावी परत गेली आणि ‘मला झेपलं नाही’ एवढेच सांगत राहिली.

आपल्याकडे ज्यांनी हे काम उभे केले त्यांनी प्रवेश आणि आधार अशी फारकत कधीच केली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांचा ५० टक्के जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा, हे आपण दरवर्षी आठवतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते, हे कितीजण आठवतात? पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. म्हणजे वसतिगृह आधी आले आणि राखीव जागा मागून. राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला दिवा नसेल तर नोकरीची जागा रिकामीच राहणार, हे त्या राजाला कळत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे वसतिगृह उभे केले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सकाळचे वर्ग ठेवले, कारण तिथे येणाऱ्या मुलांना दिवसा नोकरी करावी लागत होती. महाविद्यालयाने आपले वेळापत्रक विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे बदलले.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बाबतीत तर बाबासाहेबांनी १९४२ मध्येच नेमके बोट ठेवले होते. व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले, की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्यासाठी सरकारने देशात व परदेशात शिकण्याच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राज्यघटना यायच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि त्या वेळच्या मागणीतही नुसता प्रवेश नव्हता. पैसा होता, दर्जा होता, पुढचा पल्ला होता.

आता विरोधी बाजूच्या मुद्द्यांकडे येतो. त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत, आणि ते उडवून लावणाऱ्या लोकांनी आपल्याच बाजूचे नुकसान केले आहे.

पहिला मुद्दा असा, की ज्या मुलाची तयारी कमी आहे त्याला अवघड संस्थेत ढकलणे हाच त्याच्यावरचा अन्याय आहे. जरा सोप्या महाविद्यालयात तो चमकला असता, इथे तो चिरडला जातो. यामागे नुसता पूर्वग्रह आहे असे मी म्हणणार नाही. भारतातल्या एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात, सर्वाधिक मागणीच्या शाखांत राखीव जागांवरचे विद्यार्थी मागे पडत गेलेले दिसले होते. पण त्याच सुमारास, २०१६ मध्ये, एका राज्यातल्या दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माहितीवरचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आरक्षणामुळे चांगल्या महाविद्यालयात गेलेल्यांचे नुकसान झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांच्यासाठी ते होते त्यांना फायदाच झाला होता. दोन्ही अभ्यास खरे धरले, तर त्यांतून एकच प्रश्न निघतो: एकीकडे मुले टिकतात आणि दुसरीकडे मागे पडतात, तर मधल्या काळात त्या संस्थांच्या आत वेगळे काय घडते? मागे पडणे हा जातीचा गुण असता तर तो सगळीकडे सारखाच दिसला असता.

याचे उत्तर शोधणारा एक गणिताचा शिक्षक १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत होता. युरी ट्राइसमन हे त्याचे नाव. बर्कलीच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत. का, असे विचारल्यावर त्याच्या सहकाऱ्यांनी दिलेली उत्तरे आपल्या कोणत्याही स्टाफरूममध्ये चालतील अशीच होती: मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरचा पाठिंबा नाही, गरिबी आहे. ट्राइसमनने चर्चा सोडली आणि तो मुलांमागे त्यांच्या खोल्यांपर्यंत गेला. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी कसा अभ्यास करतात हे त्याने महिनोन्‌महिने पाहिले. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. चिनी मुले आधी आपापले गणित करत, मग रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, चुका काढत, शिक्षक परीक्षेत काय विचारतो याची चर्चा करत. एकट्याने चार तास अडून बसलेल्या मुलाला वाटायचे की आपल्यातच काहीतरी कमी आहे. गटात बसलेल्याला कळायचे की हे गणित सगळ्यांनाच अवघड गेले आहे. ट्राइसमनने मग जे वर्ग सुरू केले त्यांत सोपी उजळणी नव्हती. नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणिते होती आणि ती चौघांनी मिळून सोडवायची होती. त्या वर्गांना येणारे विद्यार्थी न येणाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढे गेले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या फलकावरची एक सूचना आठवली. पूर्वी मी एका महाविद्यालयात होतो. तिथे अनुदानाच्या अटीप्रमाणे दुपारी साडेचारला उजळणी वर्ग ठेवले होते. फलकावर यादी लागली: पूर्ण नाव, आडनाव आणि पुढच्या रकान्यात प्रवर्ग. मुले त्या यादीसमोरून मान खाली घालून जात होती. पहिल्या दिवशी तीन आली, दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. वर्षअखेरीस अहवालात ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अत्यल्प’ अशी ओळ गेली. म्हणून वेगळ्या आधारामुळे शिक्का बसतो हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. तो शिक्का माझ्या डोळ्यांदेखत मारला गेला आहे. पण शिक्का मारला त्या रकान्याने आणि त्या वर्गात शिकवल्या गेलेल्या बाळबोध गणितांनी. वर्ग सर्वांना खुला ठेवला, त्यात परीक्षेपेक्षा अवघड काही केले, आणि ज्यांना गरज आहे त्यांना शिक्षकाने स्वतः खांद्यावर हात ठेवून ‘तू ये’ म्हटले, तर कोणावरही शिक्का बसत नाही. बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठात १९८८ पासून चालणारा मायरहॉफ उपक्रम असाच आहे. पहिले वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुले एकत्र राहून शिकतात, आणि त्यांच्यासमोर ध्येय ठेवले जाते ते संशोधक होण्याचे. नुसते पास व्हा, असे तिथे कोणी सांगत नाही.

अटी घालून उघडलेल्या दाराची गोष्ट मराठी वाचकांना घरची आहे. कमला भागवत, पुढे सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन धडकल्या आणि हटून बसल्या, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकाळावर, अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. या गोष्टीतून ‘जिद्द असली की सगळे होते’ असे तात्पर्य नेहमी काढले जाते आणि ते मला पटत नाही. कमलाबाईंचे वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. नोबेल मिळवलेल्या माणसासमोर उभे राहून वाद घालायची हिंमत ज्या घरातून येते तसले घर प्रत्येकीला नसते. असल्या घरातल्या मुलीलाही इतके झगडावे लागले, तर ज्यांच्या घरात प्रयोगशाळा कोणी पाहिलेली नाही त्या मुली किती दारांवरून परत गेल्या असतील? २०१८ मध्ये आयआयटींनी मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. मुलग्यांची एकही जागा कमी झाली नाही, आणि जे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली रेंगाळत होते ते दोन-तीन वर्षांत वीसच्या आसपास पोचले. त्या मुली नव्याने हुशार झाल्या नव्हत्या. त्या आधीही होत्या, फक्त दुसरीकडे जात होत्या.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे: महाविद्यालयात पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो, पैसा आणि श्रम शाळेवर खर्च करा. खरे आहे. दुर्गम भागातल्या कित्येक आश्रमशाळांत गणित-विज्ञानाचे शिक्षक पुरेसे नाहीत, प्रयोगशाळेची कपाटे कुलूपबंद असतात, आणि पहिलीपासून साचलेली तूट अठराव्या वर्षी एका सत्रात भरून निघत नाही. पण शाळा सुधारेपर्यंत आज अठरा वर्षांचा असलेल्या मुलाने काय करायचे? आणि त्या शाळेत उद्या विज्ञान शिकवायला कोण जाणार? धडगावच्या शाळेत टिकून शिकवणारा शिक्षक धडगावचाच असण्याची शक्यता जास्त, आणि तो आज आमच्या वर्गात नापास होतो आहे. शाळा आणि महाविद्यालय यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा युक्तिवाद बहुतेक वेळा दोन्हीकडे काहीच न करण्यासाठी वापरला जातो.

उशीर झाला म्हणणाऱ्यांनी लातूरकडेही पाहावे. बारावीच्या गुणवत्ता याद्यांवर मुंबई-पुण्याचीच मिरास आहे असे जेव्हा सगळे धरून चालत होते, तेव्हा मराठवाड्यातल्या या गावाने ती मोडून दाखवली. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या त्या पद्धतीतल्या घोकंपट्टीबद्दल आणि पुढे झालेल्या बाजाराबद्दल माझे गंभीर आक्षेप आहेत. पण एक गोष्ट तिने कायमची सिद्ध केली: दोन वर्षे नेटाने शिकवले, सराव घेतला, चुका रोजच्या रोज दाखवल्या, तर मागास म्हटल्या गेलेल्या भागातली मुले यादीत सर्वांत वर येतात. लातूरच्या मुलांना मिळाले ती ‘गुणवत्ता’ आणि धडगावच्या मुलाला तेच द्या म्हटले की ते ‘लाड’, असे कसे?

गुणवत्तेच्या बाजूने बोलताना सर विश्वेश्वरय्यांचे नाव हमखास घेतले जाते. म्हैसूर संस्थानात मागास समाजांना नोकऱ्यांत वाटा देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांचा त्याला विरोध होता आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पुण्याच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले तिथे त्यांचे नाव आजही अभिमानाने घेतात. पण लहानपणी वडील गेलेला हा मुलगा बंगळूरला शिकवण्या करून शिकला आणि पुण्याला आला तो म्हैसूर सरकारच्या मदतीवर. कोणीतरी त्याची फी भरली, म्हणून त्याची गुणवत्ता दिसली. आधाराशिवाय वाढलेली गुणवत्ता दाखवा म्हटले, तर मला आपल्या इतिहासात एकही उदाहरण सापडत नाही.

खुल्या वर्गातल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात आणि तो रास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा कोणत्याही जातीचा असो, ‘व्हर्ज’ त्यालाही अडतो. इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. जागा मोजक्या असतात. एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते, म्हणून तिथे भांडण अटळ आहे. शिकवणे तसे नाही. बुधवारी संध्याकाळी मी एका मुलाला शिडीचे गणित समजावले म्हणून शेजारच्याच्या वाटणीचे काही कमी होत नाही. तो आला तर त्यालाही कळते. मग या आधाराला विरोध कशासाठी? मात्र गरिबी आणि जात एकच, असेही मी म्हणणार नाही. वसतिगृहात पहिल्या दिवशी ‘तुझी रँक किती?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला बहुतेकदा रँक नको असते, जात हवी असते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला विद्यार्थ्यांना लेखी सूचना द्यावी लागली, की दुसऱ्याला प्रवेशपरीक्षेतली रँक विचारू नका. त्याआधी २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते याचा अहवाल दिला होता. गरीब ब्राह्मण मुलाला भूक सोसावी लागते, हे मी पाहिले आहे. अभ्यासाच्या गटात त्याला कोणी घेत नाही, असे मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही.

पैशाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो प्रश्न सर्वांना ठाऊक आहे आणि सुटायला सर्वांत सोपा आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडून ती परत द्यावी लागली. त्याआधी २०२१ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका दलित विद्यार्थ्यासाठीही न्यायालयाला हेच करावे लागले होते. ही दोन मुले न्यायालयापर्यंत पोचली म्हणून आपल्याला कळली. शिष्यवृत्ती अस्तित्वात आहे. २०२० च्या अखेरीस केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला आपला वाटा ६० टक्के केला, आपल्या राज्याने २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार आणि स्वयं या योजना आहेत. या सगळ्यांचे मी मनापासून स्वागत करतो. पण खाणावळवाला महिन्याच्या एक तारखेला पैसे मागतो आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळणारा शिष्यवृत्तीचा हप्ता कधीकधी परीक्षा उलटून गेल्यावर येतो. मधल्या महिन्यांत मुलगा रात्री पार्सल पोचवायचे काम धरतो आणि सकाळच्या तासाला डुलक्या देतो. मग आपण म्हणतो, याचे लक्ष नाही.

शेवटचा आक्षेप माझ्याच पेशातून येतो आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. हे सगळे करणार कोण? निम्मा विभाग तासिका तत्त्वावर असेल, तासाच्या पैशांवर घर चालत नसल्याने शिक्षक एका दिवसात दोन महाविद्यालये करत असेल, तर त्याने संध्याकाळी थांबावे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आधाराची मागणी म्हणजे पूर्णवेळ शिक्षकांच्या भरतीची मागणी आहे, आणि ती तशी उघड करायला हवी. ‘समान संधी कक्ष’ असा फलक दारावर लावून, आत आधीच चार समित्या सांभाळणाऱ्या माणसाला बसवून हे होणार नाही. दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी, कोणाचे नाव न घेता, प्रवर्गवार सांगावे की पहिल्या वर्षाला किती आले, किती दुसऱ्या वर्षात गेले, किती चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले. प्रवेशाच्या याद्या दशांश चिन्हासकट छापता येतात, तर हेही छापता येईल. आरक्षणाच्या समर्थकांनी या आकड्यांना घाबरू नये. ज्या महाविद्यालयाचे आकडे चांगले असतील तिथे जाऊन ते काय करतात हे तरी विचारता येईल.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या खाणावळीत जेवणाआधी दीड तास टेबले जोडून मुले बसतात. कोणालाही येता येते. गणिते मी विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा अवघड निवडतो, भाषा ज्याला जी सुचेल ती. मुलाखत इंग्रजीतच होणार आहे, मग मराठीत का, असे एका सहकाऱ्याने विचारले. त्याचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून शेवटची पंधरा मिनिटे प्रत्येकाने आपले उत्तर उभे राहून इंग्रजीत सांगायचे असा नियम केला आहे. आधी समजते, मग सांगता येते. यंदाही पहिल्या चाचणीत शिडीचे गणित असणार आहे. त्याआधीच्या बुधवारी फळ्यावर मी ‘व्हर्ज’ लिहीन, शेजारी ‘घसरण्याच्या बेतात’ लिहीन, आणि पावरीत याला काय म्हणतात ते त्या धडगावच्या मुलाला विचारेन. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाच्या टेबलाजवळ बसतो.